कपाट आत कसं गेलं

"मॅडम, एक बोलू का? रागावू नका," केरबा म्हणाला, आणि निशिगंधा रागावते की नाही याची वाट न बघता बोललाच. "ह्या बाईला एक तर आत घ्या, न्हायतर पार भाईर काढा. दर पुस्तकात कडंला हुबी असत्या आन् दर टायमाला माझ्या सुरीखाली येत्या. किती डाव कापायचं मी तिला? पाप लागंल की वो मला."

केरबा म्हणजे छापखान्यातला कटिंगवाला. छापून आलेले मोठे कागद थप्पीने मशीनखाली सरकवायचे आणि कडा मापात कापायच्या हे त्याचं काम, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खोड काढायची हा त्याचा छंद. त्यामुळे निशिगंधा सवयीने हसली. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणं हाच तिचा इतक्या वर्षांचा उद्योग, आणि उद्यमनगरातल्या या छापखान्यात येऊन पहिला छापील कागद आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. हिरवा फार काळपट तर झाला नाही, पोरांच्या गालांवर निळसर झाक तर आली नाही, एवढंच बघायला ती आज आली होती. एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेलं, शहरातली मुलं मामाच्या गावाला जातात अशा छापाचं पुस्तक. मधोमध मामाचं टुमदार घर, अंगणात वृंदावन, पायरीवर गोल चष्म्याची गोरीपान आजी. सगळं जिथल्या तिथे. पण केरबाचं बोट होतं तिथे तिने पाहिलं आणि तिचं हसू तोंडावरच राहिलं. कापायच्या खुणेच्या पलीकडे, जो भाग आता घटकाभरात पट्ट्या होऊन पोत्यात जाणार होता तिथे, एक बाई उभी होती. अर्धीच. अर्धं कपाळ, एक डोळा, दातात धरलेला पदर आणि तरीही न आवरलेलं हसू. ती आपणच काढली यात निशिगंधाला शंका नव्हती. कधी आणि का काढली ते मात्र तिला काही केल्या आठवेना. आणि मग, ओळखीचं माणूस परक्या गावच्या स्टँडवर अचानक दिसावं तसं तिला ते तोंड ओळखू आलं.

"कोन म्हनायची ही?" केरबाने विचारलं.

"आई हाय माझी."

"आँ?" केरबाने मशीनवरचे दोन्ही हात काढले. "आन् हे आज सांगताय व्हय? मी आपला कापतोय, कापतोय!" आणि त्याने खरोखरच त्या कागदाला हात जोडले. "चुकलं मावशी. मला कुनी बोललंच न्हाय."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले, निशिगंधाही हसली, रंग बरे आहेत म्हणून तिने मान हलवली आणि बाहेर येऊन स्कूटी काढली. राजारामपुरीला चारच्या आत पोहोचायचं होतं आणि आजची बैठक साधीसुधी नव्हती, पण डोक्यात बैठक यायला तयार नव्हती, डोक्यात तो एक डोळा होता. छपाईचा एक नियम तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवला होता. चित्र पानापेक्षा बोटभर मोठं काढायचं, म्हणजे कापताना सुरी इकडेतिकडे झाली तरी पांढरी कड दिसत नाही. त्या बोटभर जागेत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. गवत काढा, आभाळ काढा, काहीही भरा. गवत काढायचा निशिगंधाला पहिल्यापासून कंटाळा. म्हणून ती तिथे माणसं काढत गेली, फोनवर बोलताना हात कागदावर काहीबाही गिरवत राहतो तशी, बिनविचाराची. आता सिग्नलला थांबल्यावर तिला एकेक आठवू लागली. ससा आणि कासवाच्या पुस्तकात टेकडीच्या पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली तानूआत्या. चांदोबाच्या पुस्तकात खालच्या कडेला गल्लीतल्या कोंबडीची शेपटी. राजकन्येच्या महालाबाहेर, पहारेकऱ्याच्याही बाहेर, आजोबांचा एक पाय, त्यात चप्पल आणि चपलेला खिळा. आणि आई तर जागोजागी. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून तिच्या सात पिढ्या काढल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

मधल्या जागेत तिचं काही चालत नसे, हे खरं होतं. मधलं सगळं सांगून यायचं. आजी जरा प्रेमळ दाखवा, म्हणजे गोरी आणि गुबगुबीत दाखवा. घर जरा छान, म्हणजे वृंदावनाचं. मुलगी गोड, म्हणजे काय ते तिला इतक्या वर्षांत हाताला पाठ झालं होतं. हे कुणी वाईट मनाने सांगत नसे. प्रकाशकाच्या चिठ्ठीत शेवटी 'तुमची चित्रं म्हणजे प्रश्नच नाही' असंही असे. निशिगंधाचा हात चांगला होता, ती सांगितलेलं मन लावून काढायची आणि मुलांना ते आवडायचंही. पण कडेच्या त्या बोटभर पट्टीवर कुणाचा हुकूम चालत नव्हता, आणि तिथे तिने आपली अख्खी गल्ली आणून ठेवली होती. हुपरीच्या अलीकडची बौद्धवाड्यातली गल्ली, जिथे बायका दारात बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडता जोडता एकमेकींची टिंगल करत. आता यावर आपल्याला वाईट वाटायला हवं का, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. आपल्याच माणसांना आपण पानाबाहेर ठेवलं, असं म्हटलं तर म्हणता येत होतं, आणि कुणीतरी त्यावर चांगलं तासभर भाषणही ठोकलं असतं. तिने वाईट वाटून घ्यायचा प्रयत्नही केला, अगदी टाकाळ्याच्या चढापर्यंत. पण आतून येत होतं ते हसू. कारण मधली माणसं सगळी गालात हसत होती, आणि कडेची ही मंडळी, अर्धी कापलेली असूनसुद्धा, खदाखदा. इतकी वर्षं आपण चोरून मजा करत होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, या विचाराने ती एकटीच स्कूटीवर मोठ्याने हसली आणि शेजारच्या रिक्षातल्या बाईने पोराला जवळ ओढून घेतलं.

मग तिला पिशवीची आठवण झाली आणि हसू उतरलं. पायाशी हुकाला अडकवलेल्या पिशवीत तिचं पुस्तक होतं. तिचं स्वतःचं, लिहिलेलंही तिने आणि काढलेलंही तिने, आणि आजच्या बैठकीत ते सगळ्यांना वाचून दाखवायचं होतं. चिंचोका प्रकाशनाने यंदा एक उपक्रम काढला होता. ज्यांची माणसं मुलांच्या पुस्तकांत कधी आली नाहीत आणि ज्यांनी कधी मुलांसाठी लिहिलं नाही, त्यांच्याकडूनच लिहून आणि काढून घ्यायचं. ही कल्पना शिवानीची. शिवानी म्हणजे तिथली तरुण संपादक, पुण्यात शिकून परत आलेली, डोक्याने तल्लख आणि मनाने लख्ख. "मुलांच्या पुस्तकांत तीच तीच घरं, तीच तीच माणसं, आणि लिहिणारेही तेच ते. हे बदलायलाच पाहिजे," असं ती म्हणाली होती, आणि निशिगंधाच्या मनात आलं होतं, ही पोरगी इतकी वर्षं कुठे होती? मग शिवानी म्हणाली, "निशिगंधाताई, तुमचं पुस्तक करू या. तुमच्या अनुभवातलं." त्या दिवशी निशिगंधा घरी जाताना पाव किलो जिलेबी घेऊन गेली होती आणि ती तिने एकटीने, उभ्याने, पुडक्यातूनच खाल्ली होती. फक्त एक गोष्ट तिच्या कानात राहून गेली. 'अनुभवातलं' म्हणताना शिवानीचा आवाज खाली गेला होता. सुतकाच्या घरी आपण बोलतो तसा.

त्या खालच्या आवाजावरून निशिगंधाने ओळखलं की काय पाहिजे आहे, आणि सांगितलेलं मन लावून काढायची तर तिला सवयच. तिने धोंडीराम आजोबांची गोष्ट केली. आजोबा लहान असताना विहिरीपाशी घागर घेऊन उभे राहत, वरच्या जातीतलं कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा घरी जात, आणि एकदा सकाळपासून दुपारपर्यंत कुणीच ओतलं नाही. गोष्ट खरी होती. सांगायलाच हवी अशी होती. चित्रंही चांगली उतरली होती, करड्या रंगात, पोर लहान आणि विहीर मोठी. फक्त ती काढताना तिला सारखं उठून चहा करावासा वाटायचा. आजोबांनी तिला ही गोष्ट एकदाच सांगितली होती, एका वाक्यात, आणि मग उरलेला दिवसभर ते कुस्तीचं बोलत बसले होते. कुठला पैलवान कुणाला कसा आसमान दाखवून गेला, ते हातवारे करून, खाटेवरून खाली पडेपर्यंत. स्वतःच्या आयुष्यातलं काय एका वाक्यात सांगायचं आणि काय दिवसभर, हे आजोबांनी स्वतः ठरवलं होतं. तिच्या बाबतीत ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं, आणि तिने पुन्हा एकदा सांगितल्याबरहुकूम मधली जागा भरून दिली होती. राजारामपुरीच्या गल्लीत वळताना हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने स्कूटी कडेला घेतली आणि उसाच्या रसाच्या गाड्याजवळ नुसतीच उभी राहिली. हे पुस्तक दिलं तर ते निघणार होतं, त्यावर तिचं नाव येणार होतं, कुणीतरी कौतुकाने दोन शब्द लिहिणार होतं. नाही दिलं तर शिवानी काय म्हणेल कोण जाणे. पुन्हा असं कुणी विचारेल की नाही तेही कोण जाणे. रसवाल्याने न मागता ग्लास पुढे केला आणि तिने तो न बोलता पिऊन टाकला.

चिंचोका प्रकाशनाचं ऑफिस एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत 'सर्वांचं मनापासून स्वागत' असं लिहून चिकटवलं होतं आणि खाली बाण काढला होता, वर जाणारा. त्या बाणाच्या बरोबर खाली ऋतुराज आपल्या चाकांच्या खुर्चीत बसून फोनवर त्याचा फोटो काढत होता. हा जयसिंगपूरचा, गोष्टी लिहिणारा. मागच्या एका शिबिरात तिची त्याची ओळख झाली होती. तिला बघताच त्याने फोन वर केला.

"ताई, बाण बघा की. सर्वांचं स्वागत, आन् लिफ्ट न्हाय!"

तो इतका खुशीत होता की निशिगंधालाही संतापायचं सुचेना. "कधीपासनं बसलाईस?"

"बसलेलाच असतोय की मी," तो म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. "ताई, तुम्हांस्नी काय सांगितलंय लिवायला? मला जिद्दीची गोष्ट सांगितलीया. पोरगं पडतंय, उठतंय, शेवटाला टाळ्या. मी भुताची आणलीया."

"कसलं भूत?"

"आळशी. घाबरवायचा कंटाळा येतोय त्याला."

तेवढ्यात शिवानी जिना उतरून धावत आली आणि खुर्चीकडे, बाणाकडे, पुन्हा खुर्चीकडे पाहून तिचा चेहरा पार उतरला. "माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. "इतकं सगळं ठरवलं, चहा कुठला ते ठरवलं, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वरच्या गॅलरीतून बाळासो डोकावले. हे प्रकाशनाचे मालक, साठीचे, छातीचा कोट आणि आवाजाचा भोंगा. "रडतीस काय, शिवानी? चौघं जण धरून उचलून आणूया की त्याला!"

"मी काय पालखी हाय व्हय?" ऋतुराज खालून ओरडला. "तुमीच या की खाली!"

मग बाळासो म्हणाले, "बरोबर बोलतोय गडी. चला रे, सगळं खाली चला." आणि मग जी काही धांदल उडाली ती निशिगंधा पुढे कितीतरी दिवस आठवून हसणार होती. खुर्च्या उलट्यासुलट्या होऊन जिना उतरल्या. सतरंजी उतरली, चहाचा थर्मास उतरला, पुस्तकांचे गठ्ठे उतरले. पार्किंगमधल्या मोटारसायकली बाळासोंनी स्वतः ढकलून भिंतीला लावल्या आणि ज्यांच्या होत्या त्यांना खालूनच हाका मारून सांगितलं. दवाखान्यातल्या बाईंनी पेशंटचं बाकडं दिलं आणि बाकड्याबरोबर त्यावरचा पेशंटही आला, हाताला प्लास्टर घातलेला. शेजारच्या क्लासच्या दोन मुली आपापल्या गाडीवर बसून होत्या, त्या उठल्याच नाहीत. वॉचमन उभा राहिला तो राहिलाच. एवढं सगळं झाल्यावर बाळासो कपाळ पुसत म्हणाले की आपल्या ऑफिसात इतकी माणसं आजवर कधी जमली नव्हती.

ऋतुराजचं भूत लोकांना फारच आवडलं. ते वडाच्या झाडावर आडवं पडून राहतं, आणि माणसं येऊन त्याला विचारतात की दादा, आज घाबरवणार का, म्हणजे आम्ही दुसऱ्या वाटेने जातो. तेव्हा ते कूस बदलतं. प्लास्टरवाला इतका हसला की त्याला हात सावरावा लागला. शिवानीसुद्धा हसली, जिद्दीचं काय झालं हे ती विसरलीच. मग तिने निशिगंधाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज पुन्हा त्या खालच्या पट्टीत गेला. "आता निशिगंधाताई. त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. आपण सगळे शांतपणे ऐकू या." वॉचमनने टोपी काढली. निशिगंधाने पिशवी मांडीवर घेतली, आतलं पहिलं पान अर्धं वर ओढलं. करड्या पानावर ते लहानगं पोर पाठमोरं उभं होतं. आजोबा, तिने मनातल्या मनात म्हटलं, तुमचं मी करणार, नक्की करणार, पण कुस्तीसकट करणार, आणि मला वाटेल त्या दिवशी करणार. तिने पान आत सरकवलं.

"माझ्याकडे एक गोष्ट आहे," ती म्हणाली, "पण ती मी आणलेली नाही. तोंडीच सांगते." तिने पिशवी पायाशी ठेवली. "आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. माझ्या आईला, बनाबाईला, जयसिंगपूरच्या एका कापडदुकानाच्या सोडतीत ते बक्षीस लागलं. पहिलं बक्षीस. आरशाचं कपाट, माणसाहून उंच. टेम्पोतून गल्लीत आलं तेव्हा अख्खा बौद्धवाडा जमला. हार घातला कपाटाला. आणि मग कळलं की ते दारातून आत जात नाही."

सुरुवातीला ती पुस्तकी बोलत होती. मग तानूआत्या गोष्टीत शिरली आणि तिच्याबरोबर तिची भाषाही. कपाट उभं घातलं, आडवं घातलं, तिरकं घातलं, तानूआत्या बाजूला उभी राहून सांगत होती, "जरा अंग चोरायला सांगा की त्याला." शेवटी ते अंगणात राहिलं, आणि अंगणात राहिलं म्हणून ते गल्लीचं झालं. वरच्या कप्प्यात आईच्या साड्या. खालच्यात आत्याची औषधं आणि आत्याने जमवायला घेतलेल्या लग्नांचे फोटो. त्याच्या खाली जयंतीच्या मिरवणुकीचा लाउडस्पीकर. सगळ्यात खाली कोंबडी अंड्यांवर बसलेली. आरशापुढे सकाळी गल्लीतले बाप्ये रांगेने दाढी करत आणि नवऱ्या मुली तिथेच नटत. एकदा कुणीतरी घाईत दार लावून घेतलं आणि कोंबडा आत राहिला. पहाटे कपाट आरवलं. गल्ली उठली, आणि किल्ली काही सापडेना. आत्या दाराला तोंड लावून आतल्या कोंबड्याची समजूत काढत होती, "थांब बाबा, रडू नगंस, बनाबाई किल्ली हुडकाय लागल्या." निशिगंधा बोलत होती आणि हात चालत होते, उजव्या हाताने कोंबडा, डाव्याने दार, आणि समोर पार्किंगमध्ये माणसं हसत होती. तिला आपल्याच गल्लीचा वास येत होता, तापलेल्या चांदीचा, शेणाचा, कांदा भाजल्याचा. इतकं आनंदाचं काम आपण कधी केलं नव्हतं, असं तिला बोलता बोलता वाटलं.

"ताई," शिवानीने हलकेच मध्ये तोंड घातलं. ती कानापर्यंत लाल झाली होती, कारण तीही हसली होती. "छानच आहे हे. पण आपला उपक्रम… म्हणजे, ह्यात तो संघर्ष कुठे येतो? वाचणाऱ्या मुलांना कळायला हवं ना, ही वस्ती कुठली, ह्या लोकांनी काय काय सोसलं."

हसणं थांबलं. निशिगंधाला क्षणभर सवयीने म्हणावंसं वाटलं की बरं, घालते एका पानावर, आणि ते वाक्य अगदी ओठांवर आलं. मग ती म्हणाली, "सोसलं ते सोसलंच, शिवानी. ते आमच्यात कुणी विसरलेलं नाही आणि तेही मी करणार आहे, माझ्या मनाने. पण मी जन्मात जितकी हसले ना, त्यातलं निम्मं त्या एका गल्लीत हसले. ते मला आजवर कुठल्याच पुस्तकात दिसलं नाही. ही गोष्ट अशीच राहणार. ह्यात कुणी रडणार नाही. चालत असेल तर सांग. नसेल चालत तर मी दुसऱ्यांची पुस्तकं काढतेच आहे, काढीन."

वरच्या कुठल्या तरी फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. बोलण्यासारखं बाळासोंकडे पुष्कळ होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण उपक्रम शिवानीचा होता. शिवानी हातातल्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. निशिगंधाला वाटलं, संपलं. आणि नवल म्हणजे तिला हलकंच वाटलं, जिना चढून आल्यावर खांद्यावरची पिशवी खाली ठेवावी तसं. मग शिवानीने मान वर केली. कपाळाला आठी होती, पण ती काळजीची नव्हती.

"पण ताई," ती म्हणाली, अगदी लहान पोरीच्या आवाजात, "ते कपाट आत कसं गेलं?"

"आत कसं गेलं?" ऋतुराजनेही विचारलं. "तुम्ही म्हणालासा घरात हाय म्हणून."

निशिगंधाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की आपल्याला ठाऊकच नाही. कपाट आज घरात आहे. दार तेच आहे, तेवढंच आहे. ती अगदी लहान असताना एके दिवशी ते आत होतं, एवढंच तिला आठवत होतं. आईला विचारलं की आई दर वेळी नवं काहीतरी सांगायची. एकदा म्हणे भिंत पाडली, एकदा म्हणे छपराचे पत्रे काढून वरून सोडलं, एकदा तर म्हणे आत्याचं ऐकून कपाटानेच अंग चोरलं. हे तिने सांगितल्यावर पार्किंगमध्ये एकच गिल्ला झाला. भिंत, भिंत, असं प्लास्टरवाला म्हणू लागला. क्लासच्या मुलींचं मत पत्र्यांकडे होतं. वॉचमन म्हणाला, मागनं दार असंल. शिवानीने कागद पुढे ओढला, त्यावर वर 'कपाट' असं लिहिलं आणि विचारलं, "लेखिका म्हणून तुमचं नाव घालायचं ना?"

"लेखिका बनाबाई," निशिगंधा म्हणून गेली. "चित्रं माझी." आपलं पहिलंवहिलं पुस्तक असं बसल्या बसल्या अर्धं वाटून टाकलं, आणि तिला कुठेच काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही. उलट फार श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते सगळ्यांसमोर बेधडक पुसले.

"मग लेखिकाबाईंस्नीच फोन लावा की!" बाळासो गरजले. त्यांना आता राहवत नव्हतं.

तिने फोन लावला, स्पीकर सुरू केला. बराच वेळ रिंग वाजली.

"काय गं? जेवलीस का?" आईचा आवाज पार्किंगभर घुमला.

"आई, ते कपाट आत कसं गेलं गं?"

"आता हे काय मधीच? कोन इचाराय लागलंय?"

"हितं सगळी बसल्यात. तुझ्या गोष्टीचं पुस्तक करणार हायती. तुझं नाव घालून."

पलीकडे कुठेतरी कोंबड्या ऐकू येत होत्या. "माझं नाव?" आई म्हणाली. "पुस्तकावर?"

"व्हय."

"घाला की मग," आई म्हणाली, जणू इतके दिवस कुणी विचारलं नाही हेच नवल. "पर मधनं न्हाय हां सांगत मी. शेंडा न्हाय बुडखा न्हाय, असं कुटं सांगत्यात व्हय? पयल्यापास्नं ऐकायचं आसंल तर सांगतो."

"पहिल्यापासून सांगा, आई!" शिवानी फोनच्या जवळ तोंड नेऊन ओरडली.

"ही कोन?"

"पुस्तकवाली."

"बरी वाटत्या. आन् किती मान्सं हायती तितं?"

निशिगंधाने वर पाहिलं. बाळासो एका उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसले होते. ऋतुराजने खुर्ची पुढे घेतली होती. दवाखान्यातल्या बाई दार उघडं टाकून बाहेर आल्या होत्या, आणि रस्त्यावरचा एक रिक्षावाला रिक्षा बंद करून काय चाललंय ते बघत होता.

"लई हायती, आई."

"मग मोट्यानं सांगायला पायजे," आई म्हणाली. तिचं हळू बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जात असे. तिने घसा खाकरला, कुणाला तरी हातातलं काम धर म्हणून सांगितलं, आणि ऐसपैस बसल्याचा आवाज फोनमधून आला.

"तर मला पायजे हुता मिक्सर," आईने सुरुवात केली. हे निशिगंधाला आजवर माहीत नव्हतं, म्हणून तीही इतरांसारखी खुर्ची ओढून ऐकायला बसली.